दुधात घालायची पावडर: व्हिटॅमिन डी जास्त झालेल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ७१ वर्षांचे, सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले केमिस्ट. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तात्या माळकरी, व्यसन कसलंच नाही. बारा वर्षांपासून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी चालू होती. यातलं क्लोरथॅलिडोन लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

दिवाळीनंतर गुडघे धरू लागले म्हणून ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे झीज होती. रक्तातलं व्हिटॅमिन डी १४ नॅनोग्रॅम निघालं. २० च्या खाली ते कमी मानतात, त्यामुळे उपचार सुरू करणं योग्यच होतं. सहा लाख युनिटचं एक इंजेक्शन, ६०,००० युनिटचे सॅशे म्हणजे पावडरच्या पुड्या, आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा, असं ठरलं. इंजेक्शन आणि सॅशे दोन्ही लागत होते का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद होतील. पण ठरल्याप्रमाणे झालं असतं तर एवढ्याने कुणाला विषबाधा होत नाही.

याशिवाय घरचा खुराक वेगळा होता. कोरोनाच्या काळात सुरू झालेला गुळवेलीचा काढा पुढेही चालूच राहिला होता. रात्री झोपताना अश्वगंधा चूर्ण. आणि शेजारच्या एका गृहस्थांनी साखळी पद्धतीने विकलेली, डब्यावर हिरवं पान छापलेली ‘नॅचरल’ मल्टीव्हिटॅमिनची गोळी. तिच्यातही ४०० युनिट डी होतंच.

लक्षणं एकेकटी आली

जानेवारीत बद्धकोष्ठ सुरू झालं. आधी इसबगोल, मग पातळ औषध. पाठोपाठ भूक गेली, मळमळू लागलं, तेव्हा पित्ताची गोळी सुरू झाली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी मोठी दिसली, त्याची गोळी लागली. वजन उतरत होतं म्हणून दुर्बिणीने पोटाची तपासणी झाली, त्यात किरकोळ सूज सोडता काही नव्हतं. फेब्रुवारीअखेर तात्या एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, दुपारी दोनला ‘अजून सकाळचा चहा कसा नाही’ म्हणू लागले. नातेवाईक म्हणाले, वय झालं.

यात कुणी हलगर्जीपणा केला असं मला म्हणता येत नाही. सत्तरीतल्या माणसाला बद्धकोष्ठ असतं, पित्त असतं, प्रोस्टेट असते, विसरही पडतो. ही चारही दुखणी एकाच माणसाला सहा आठवड्यांत होतात, तेव्हा मात्र ती चार वेगळी दुखणी असण्याची शक्यता कमी होत जाते. पण ती चारही एकत्र पाहायला कुणी एक डॉक्टर उरलेला नव्हता. पूर्वी जो फॅमिली डॉक्टर असायचा, त्याची जागा आता प्रत्येक अवयवाच्या तज्ज्ञाने घेतली आहे.

मार्चमध्ये पुण्याहून मुलगा आला. वडिलांची अवस्था पाहून त्याने घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं पॅकेज बुक केलं. रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, २.४ होतं. वर्षभरापूर्वी ते १.१ होतं. किडनी गेली, डायलिसिस लागणार, अशी घरात रडारड झाली. कुणीतरी ‘किडनीला त्रास नको, पाणी बेतानं प्या’ असं सांगितलं आणि तात्यांचं पाणी दिवसाला लिटरभरावर आलं. त्याच रिपोर्टच्या शेवटच्या पानावर कॅल्शियम १३.८ होतं. ते ८.५ ते १०.५ असायला हवं. हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे म्हणजे जास्त दिसणारच, असं समजून ती ओळ सगळ्यांनी सोडून दिली होती.

दाखल होताना

तात्या आमच्याकडे आले तेव्हा जीभ कोरडी, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, रक्तदाब १०२ वर ६४. नाव सांगितलं, वार चुकला. पुन्हा केलेल्या तपासणीत कॅल्शियम १४.२, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ३.८, क्रिएटिनिन २.६. ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्याच्या आलेखातला एक टप्पा, आखडलेलं. म्हणजे वाढलेलं कॅल्शियम हृदयापर्यंत पोचलं होतं.

कॅल्शियम इतकं वाढलं की किडनी पाणी राखून ठेवण्याचा शरीराचा निरोप ऐकत नाही. लघवी वाढते, माणूस सुकतो, सुकल्यामुळे किडनीला रक्त कमी पडतं, मग किडनी कॅल्शियमही बाहेर टाकू शकत नाही. असं एकदा सुरू झालं की एकेका दिवसाने बिघडत जातं. रात्री पाच वेळा उठवणारी लघवी प्रोस्टेटची नव्हती, आणि बेताचं पाणी तर उलट्या दिशेने नेणारं होतं. पाणी तोडण्याचा सल्ला किडनीच्या काही रुग्णांना लागू असतो, सुकलेल्या रुग्णाला अजिबात नाही.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय सोपा होता. सलाईन. वयामुळे आधी हृदयाची इको करून घेतली, मग तासाला २०० मिलीलिटरने सुरू केलं आणि लघवी मोजायला लावली. कॅल्शियमची गोळी, मल्टीव्हिटॅमिन, काढा, चूर्ण, सगळं बंद. रक्तदाबाची गोळीही बंद, कारण क्लोरथॅलिडोन लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. ज्याचं कॅल्शियम आधीच चढलंय त्याच्यासाठी ती गोळी आगीत तेल.

खरी ओढाताण पुढे होती: हे कशामुळे? सत्तरीतला माणूस, वजन आठ किलोने कमी, किडनी बिघडलेली, कॅल्शियम चौदाच्या वर. हे वाचून कुठल्याही डॉक्टरच्या मनात आधी मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कॅन्सर किंवा कुठेतरी लपलेला दुसरा कॅन्सर येतो. मुलगा इंटरनेटवर वाचून आला होता आणि त्याच दिवशी सांगलीहून पुण्याला नेऊन पेट स्कॅन, म्हणजे अंगभर कॅन्सर शोधणारं स्कॅन, करायचं म्हणत होता. त्याची घाई समजण्यासारखी होती. मी त्याला दोन दिवस मागितले, कारण त्याआधी रक्ताची एक स्वस्त तपासणी अर्धा प्रश्न सोडवते.

ती म्हणजे पीटीएच. मानेतल्या चार छोट्या ग्रंथींमधून येणारं हे संप्रेरक कॅल्शियम वाढवतं. कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच जास्त असेल तर दोष त्या ग्रंथींत असतो. पीटीएच दबलेलं असेल तर कॅल्शियम दुसरीकडून येतंय: कॅन्सर, व्हिटॅमिन डी, किंवा क्षयरोग आणि सारकॉइडोसिससारखे आजार, ज्यांतल्या गाठी स्वतःच सक्रिय व्हिटॅमिन डी बनवतात. आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे, मायलोमासाठी रक्तातल्या प्रथिनांची तपासणी आणि व्हिटॅमिन डी, हे सगळं पीटीएचसोबतच पाठवलं.

दुसरा पेच स्टेरॉइडचा. व्हिटॅमिन डीमुळे वाढलेलं कॅल्शियम प्रेडनिसोलोनने चांगलं उतरतं. पण निदानाआधी स्टेरॉइड दिलं तर मायलोमा किंवा लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं चित्र पुसट होतं, आणि क्षयरोग असेल तर तो बळावतो. रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही असं ठरवलं. हाडातून सुटणारं कॅल्शियम रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड हाताशी होतं, पण क्रिएटिनिन २.६ असताना ते किडनीला आणखी धक्का देऊ शकतं. कॅल्सिटोनिन तासांत काम करतं, दोन दिवसांनंतर मात्र त्याचा असर ओसरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ते मिळवण्यातच दीड दिवस जातो, म्हणून ते मागवून ठेवलं, पण सलाईनवरच तात्या सावरू लागल्याने वापरावं लागलं नाही. अगदीच बिघडलं तर कमी कॅल्शियमच्या द्रवाने डायलिसिस, हा शेवटचा मार्ग मुलाला सांगून ठेवला.

गुळवेलीवरचा संशय

घरच्यांचा, आणि खरं सांगायचं तर आमच्या निवासी डॉक्टरांचाही, पहिला रोख काढ्यावर आणि चूर्णावर होता. तो अगदी निराधार नव्हता. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरात येते याकडेही पुढे लक्ष वेधलं. अश्वगंधेनेही क्वचित कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचं प्रमाणही ती बदलू शकते. शिवाय पोटदुखी, बद्धकोष्ठ आणि भ्रम हे शिशाच्या विषबाधेचंही चित्र असतं. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये छापून आलं होतं.

पण यातलं काहीच कॅल्शियम चौदावर नेत नाही. तात्यांचे यकृताचे रिपोर्ट ठीक होते, चूर्णात भस्म नव्हतं, हिमोग्लोबिन बरं होतं. वनौषधीचा वास आला की तिथेच बोट दाखवायचं, ही आमच्या, ॲलोपॅथीच्या बाजूची सवय आहे. आणि कंपनीची, छापील मात्रेची पुडी असली की तिच्याकडे पाहायचंच नाही, ही त्याच सवयीची दुसरी बाजू. इथे तीच नडत होती.

पिशवी आणि वही

दाखल करताना औषधांची यादी घेतली होती. तीत रक्तदाब, कॅल्शियम, पित्त, प्रोस्टेट, काढा, चूर्ण, मल्टीव्हिटॅमिन होतं. सॅशे नव्हते. ‘हाडांच्या डॉक्टरांचा कोर्स झाला’ एवढंच मुलाने सांगितलं होतं, आणि त्याच्या माहितीप्रमाणे ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी राऊंडला मी तात्यांच्या पत्नीला, काकूंना म्हटलं, “काकू, तात्यांच्या पोटात जे जे जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. गोळ्या, चूर्णं, दुधात घालायचं, मधात कालवायचं, डब्यातलं, पुडीतलं. औषध असो नसो.”

संध्याकाळी पिशवी आली. मल्टीव्हिटॅमिनचा डबा, काढ्याची बाटली, आणि तळाशी रबर लावलेले सॅशे, काही भरलेले, काही फाडलेले. “हे कधी देता?” असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, “ते काय औषध न्हवं डॉक्टर. हाडासाठीची पावडर हाय. रोज सकाळी दुधातनं देते.”

रोज?

“रोज. यांनी वहीत लिहिलंय की.”

वही दुसऱ्या दिवशी आली. दोनशे पानी, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, बीपी वरचं, बीपी खालचं, वजन, शौच, पावडर. जन्मभर उसाच्या रसाच्या नोंदी ठेवलेल्या माणसाची वही होती ती. पावडरच्या रकान्यात हिरव्या शाईच्या टिचक्या, एकही दिवस न चुकलेल्या, मोजल्या तर ८४. त्याच पानांवर सहाव्या आठवड्यापासून शौचाच्या रकान्यात फुल्या सुरू झाल्या होत्या आणि वजनाचा आकडा ६८ वरून ६० कडे घसरत गेला होता. कारण आणि परिणाम शेजारशेजारच्या रकान्यांत, एकाच हस्ताक्षरात.

हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठीही वहीत चिकटवलेली होती. तीवर लिहिलं होतं: सॅशे ६० के, १ × ८ वीक, विथ मिल्क. लिहिणाऱ्याच्या मनात होतं, आठवड्याला एक, असे आठ आठवडे. तात्यांनी वाचलं, रोज एक, आठ आठवडे. त्या ओळीत तसं वाचायला काहीही आडवं येत नव्हतं. आठ सॅशे आठ दिवसांत संपले, तेव्हा नवव्या दिवशी ते पुन्हा मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने मागितले तेवढे दिले. छप्पन्न झाल्यावर गुडघे जरा हलके वाटत होते म्हणून तात्यांनी आपणहून आणखी अठ्ठावीस घेतले.

हिशेब असा झाला: ८४ गुणिले ६०,००० म्हणजे ५० लाख ४० हजार युनिट, त्यात इंजेक्शनचे सहा लाख. एकूण ५६ लाख ४० हजार. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट पुरतात. म्हणजे पावणेसव्वीस वर्षांचं व्हिटॅमिन डी जेमतेम तीन महिन्यांत अंगात गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. पीटीएच ६, म्हणजे पार दबलेलं. प्रथिनांच्या तपासणीत मायलोमाची खूण नाही. छाती स्वच्छ. व्हिटॅमिन डी ‘१५० पेक्षा जास्त’, कारण यंत्र त्यापुढे मोजतच नव्हतं. नमुना पातळ करून पुन्हा मोजला तेव्हा २६८. विषबाधा सहसा १५० च्या पुढे दिसते. पेट स्कॅनचा विषय तिथेच संपला.

उपचार आणि मध्येच आलेली उसळी

निदान पक्कं झाल्यावर प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सुरू केलं. दूध, दही, नाचणी, तीळ काही दिवस बंद. काकूंना हे सगळ्यात जड गेलं. आजारी माणसाला दूध द्यायचं नाही म्हणजे द्यायचं तरी काय?

पाचव्या दिवशी कॅल्शियम ११.६ वर आलं, तात्या वार बरोबर सांगू लागले आणि घरी जायची घाई सुरू झाली. सलाईन कमी केलं. दोन दिवसांत कॅल्शियम पुन्हा १२.४. घरचे घाबरले, पण हे अपेक्षित होतं. ब किंवा क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि जादा झालेलं बरंचसं लघवीतून निघून जातं. डी चरबीत विरघळतं, शरीरातल्या चरबीत साठतं आणि तिथून महिनोन् महिने झिरपत राहतं. पुडी थांबली तरी पुरवठा थांबत नाही. शिवाय यकृत मिळेल तेवढ्या डीवर पहिली प्रक्रिया करत सुटतं, त्याला फारसा लगाम नाही. लगाम किडनीच्या पायरीवर असतो, पण पातळी इतकी चढली की अर्धं तयार झालेलं डीसुद्धा काम करू लागतं.

तोवर क्रिएटिनिन १.७ पर्यंत उतरलं होतं. आता हाडातून येणारं कॅल्शियम रोखायला पामिड्रोनेट, कमी मात्रेत, संथ गतीने दिलं. बाराव्या दिवशी कॅल्शियम १०.४, क्रिएटिनिन १.५ असताना डिस्चार्ज झाला. रक्तदाबासाठी अमलोडिपिन दिलं, क्लोरथॅलिडोनकडे परत गेलो नाही.

निष्पत्ती

स्टेरॉइड सहा आठवड्यांत हळूहळू बंद झालं. मध्ये साखर थोडी वाढली होती, ती खाली आली. भ्रम पूर्ण गेला. तात्यांना फेब्रुवारीतलं फारसं आठवत नाही, ते वहीत पाहून सांगतात. व्हिटॅमिन डी तीन महिन्यांनी ११२ आणि सहा महिन्यांनी ६१ होतं. क्रिएटिनिन १.४ वर स्थिरावलं. पूर्वीच्या १.१ वर ते आता येईल असं वाटत नाही. तेवढी किडनी गेली.

उन्हात बसायचं का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पातळी उतरेपर्यंत जपून, असं सांगितलं. एरवी उन्हाने कुणाला डीची विषबाधा होत नाही. कातडीत गरजेपुरतं तयार झालं की पुढचं ऊनच जादा भागाचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करतं. पुडीला अशी सोय नाही.

कुठे वेगळं होऊ शकलं असतं

पहिली जागा चिठ्ठी. ‘आठवड्यातून एकदा, दर रविवारी’ असं मराठीत लिहिलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. वार लिहिण्याचा फायदा असा की रोज घेणाऱ्याला सोमवारीच शंका येते. आमच्याकडे आता आठवड्याच्या प्रत्येक औषधापुढे वार लिहितात आणि एकूण किती पुड्या तेही अंकात लिहितात. आठ लिहिलेले असताना नवव्यासाठी आलेल्या माणसाला मेडिकलवाल्याने थांबवावं, अशी आशा त्यामुळे जरा वाढते.

दुसरी जागा मेडिकलचं काउंटर. आठ दिवसांत आठ सॅशे संपवून आलेला माणूस समोर उभा असताना एक प्रश्न पुरला असता. पण ताकदीच्या पुडीकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही ग्लुकोजच्या डब्यासारखं पाहतात. ६०,००० युनिट ही उपचाराची मात्रा आहे, खुराकाची नाही. हा फरक पाकिटावर सांगितलेला असतो, पण तो वाचायला भिंग लागतं.

तिसरी जागा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, जानेवारी. बद्धकोष्ठ, मळमळ, वाढलेली लघवी आणि सुस्ती एकत्र दिसली की कॅल्शियमची तपासणी करावी, हे वैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात. नेहमीच्या तपासण्यांत ते बऱ्याचदा नसतं, मुद्दाम लिहावं लागतं. जानेवारीत ते झालं असतं तर निदान चाळीसेक पुड्या वाचल्या असत्या आणि किडनीही बहुधा.

चौथी गोष्ट यादी विचारण्याची. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला तात्यांच्या घरून प्रामाणिक उत्तर मिळालं होतं. पुडी त्यात बसत नव्हती, कारण ती काकूंच्या स्वयंपाकघराच्या फळीवर होती, औषधांच्या डब्यात नव्हती. पिशवी मागवायला एक मिनिट लागतं. ती पहिल्या संध्याकाळी मागवली असती तर एक दिवस आणि मुलाची एक रात्रीची झोप वाचली असती, उपचारात फार फरक पडला नसता.

आमच्या उपचारांतला वादाचा मुद्दा पामिड्रोनेटच्या वेळेचा आहे. उसळी येणार हे माहीत असताना ते तिसऱ्याच दिवशी द्यायला हवं होतं, असं माझ्या एका सहकाऱ्याचं मत आहे. कदाचित मुक्काम दोन दिवसांनी कमी झाला असता. त्या दिवशी क्रिएटिनिन २.१ होतं आणि आधीच दुखावलेल्या किडनीवर आणखी एक औषध टाकण्यापेक्षा थांबणं मला बरं वाटलं. आजही तसंच वाटतं.

तात्यांचं प्रकरण एकमेव नाही. व्हिटॅमिन डी प्रमाणाबाहेर गेल्याने असेच आजारी पडलेल्या रुग्णांची नोंद श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये केली होती. अमेरिकेत १९९२ मध्ये एका डेअरीने दुधात डी प्रमाणाबाहेर घातल्यामुळे आठ जणांना हाच त्रास झाल्याचं प्रसिद्ध झालं.

मग व्हिटॅमिन घ्यायचंच नाही का?

हा प्रश्न तात्यांच्या मुलाने डिस्चार्जच्या दिवशी विचारला, थोड्या रागानेच. उत्तर असं की कमतरता असेल तर घ्यायचं, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या मुदतीत. मुडदूस आणि हाडं मऊ पडणं डीने बरं होतं, यात वाद नाही. वाद आहे तो चांगल्या धडधाकट माणसाने ‘असावं बरं’ म्हणून घेण्याचा. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांना रोज २,००० युनिट डी किंवा त्याच्यासारखीच दिसणारी खोटी गोळी देऊन काही वर्षं पाहिलं. कॅन्सर होण्याचं किंवा हृदयविकाराचं प्रमाण कमी झालं नाही. २०२२ मध्ये त्याच अभ्यासातून हाडं मोडण्याचंही प्रमाण घटलं नसल्याचं समोर आलं. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तर त्या जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने तर निरोगी प्रौढांनी डीची तपासणी नेहमी करूच नये असं सांगितलं. आपल्याकडे मात्र प्रत्येक पॅकेजमध्ये ती असते, आकडा कमी येतो आणि पुडी सुरू होते.

यात एक विचित्र गोष्ट राहिली. दाखल असताना आम्ही बी१२ तपासलं होतं. ते १५८ पिकोग्रॅम होतं, सरळसरळ कमी. दूध-दही बेताचं घेणारे माळकरी, तर ते कमी असणारच. बी१२ प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच असतं, ते अश्वगंधेत नाही आणि गुळवेलीतही नाही. पायाला मुंग्या येतात असं तात्या वर्षभर सांगत होते. म्हणजे इतकी सगळी पोषकं पोटात जात असताना ज्याची खरी गरज होती ते मल्टीव्हिटॅमिनमधल्या चिमूटभर मात्रेवरच चाललं होतं.

पण आता तात्या कुठलंही व्हिटॅमिन घ्यायला तयार नव्हते. “एकदा हात पोळलेत, डॉक्टर. आता सुई नको अन् पुडी नको.” दोन भेटी यातच गेल्या. बी१२ पाण्यात विरघळतं, डीसारखं अंगात साचून असं विष होत नाही, हे सांगून पटेना. शेवटी त्यांनीच मागणी केली: मात्रा, वार, एकूण संख्या आणि कधी थांबायचं, हे सगळं माझ्या सहीने कागदावर हवं. तसं लिहून दिलं. १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, दर गुरुवारी एक, एकूण सहा, नंतर पुन्हा तपासणी. त्यांनी कागद वाचला, ‘दर गुरुवारी’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि वहीत नवा रकाना आखला. मुंग्या चौथ्या इंजेक्शननंतर कमी झाल्या. रक्ताची पुढची तपासणी अजून व्हायची आहे.